जाहिरात खात्यातली यादी एजंटला देणारे टूल: यादी अपुरी आहे हे एजंटला कसे कळावे?

कर्सरपाल (प्रश्न)

नमस्कार. ऑनलाइन जाहिरात खात्यातल्या जाहिरातींची यादी एआय एजंटला काढून देणारे एक छोटे टूल मी लिहिले असून ते एमसीपी (एजंटला टूल जोडण्याचा प्रोटोकॉल) सर्व्हरमार्फत एजंटला जोडले आहे. टूल फक्त वाचते. जाहिरात सुरू करणे, थांबवणे किंवा बजेट बदलणे यांपैकी काहीही त्याला करता येत नाही. खाते क्रमांक दिला की मेटाच्या मार्केटिंग एपीआयकडून (प्रोग्रामना माहिती मागण्यासाठी दिलेल्या सोयीकडून) त्या खात्यातल्या जाहिराती मागवायच्या आणि आलेले उत्तर जसेच्या तसे एजंटच्या हवाली करायचे, एवढेच त्याचे काम आहे. पहिले काही दिवस ते बिनबोभाट चालले. चाचणीसाठी घेतलेल्या खात्यात अठराच जाहिराती होत्या म्हणून ते चालले, हे मला नंतर उमगले.

मोठ्या खात्यावर टूल लावल्यावर एका सहकाऱ्याने एजंटला विचारले, "या खात्यात एकूण किती जाहिराती आहेत आणि त्यांतल्या किती चालू आहेत?" एजंटने उत्तर दिले, "या खात्यात एकूण २५ जाहिराती असून त्यांपैकी २२ चालू आणि ३ थांबवलेल्या आहेत." प्रत्यक्षात त्या खात्यात साडेतीनशेच्या आसपास जाहिराती होत्या. उत्तरात ‘सुमारे’ नाही, ‘कदाचित’ नाही, आकडे नेमके आणि सूर ठाम. त्यामुळे सहकाऱ्याने ते तसेच अहवालात उतरवले. अहवाल वाचताना मी २५ या आकड्यापाशी अडखळलो आणि नोंदी काढून पाहिल्यावर लक्षात आले की टूलने पहिलेच पान आणले होते. उत्तराच्या तळाशी पुढच्या पानाचा दुवा होता. एजंटच्या नजरेखालून तो गेलाही असेल, पण त्याचे काय करायचे हे त्याला कोणी सांगितलेले नव्हते. शिवाय ‘चालू’ म्हणून मोजलेल्या २२ जाहिरातींपैकी ९ जाहिराती ज्या कॅम्पेनमध्ये (जाहिरात मोहिमेत) होत्या, ते कॅम्पेनच पूर्वी कधीतरी थांबवलेले होते.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. सगळी पाने टूलमध्येच जोडली आणि प्रत्येक जाहिरातीसोबत क्रिएटिव्ह (जाहिरातीतले चित्र व मजकूर), अ‍ॅड सेट (कॅम्पेनमधला जाहिरातींचा गट), तारखा असे जे मिळेल ते सारे एजंटला दिले. आता एजंटची कॉन्टेक्स्ट विंडो (एका वेळी लक्षात ठेवता येणाऱ्या मजकुराची जागा) त्या एका उत्तरानेच भरून जाते, यादीच्या मधल्या भागातल्या जाहिराती त्याच्या उत्तरातून गळतात आणि एकदा तर त्याने सांगितलेल्या जाहिरात क्रमांकाचे शेवटचे दोन अंक चुकीचे निघाले.

माझे प्रश्न असे आहेत. पाने टूलने जोडावीत की ते काम एजंटवर सोपवावे? ‘चालू’ हा शब्द कोणत्या रकान्यावरून ठरवावा? आणि यादीत प्रत्येक जाहिरातीबद्दल किती माहिती द्यावी?

रकानेवाला (उत्तर)

तुमच्या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. एपीआयचे उत्तर प्रोग्रामरसाठी लिहिलेले असते. त्यात काय नाही हे प्रोग्रामरने कागदपत्रे वाचून जाणून घ्यावे, असे त्यात गृहीत असते. एजंटने ती कागदपत्रे वाचलेली नसतात आणि वाचली असली तरी ऐन वेळी त्याला ती आठवतीलच असे नाही. म्हणून यादीत काय आले यापेक्षा काय आले नाही, हे प्रत्येक उत्तरात स्पष्ट शब्दांत लिहून देणे हे अशा टूलचे पहिले काम आहे असे मी मानतो. तुमचे टूल उत्तर जसेच्या तसे पुढे सरकवते आणि तिथेच ते कमी पडते.

आता एकेक घेऊ. २५ ही तिथली एका पानाची मूळ मर्यादा आहे. मागणी करताना मर्यादा दिली नाही तर तेवढ्याच नोंदी येतात. मर्यादा वाढवली तरी प्रश्न सुटत नाही, फक्त पुढे ढकलला जातो. पाने जोडताना एक चूक फार जण करतात, ती अशी की मागितल्या १०० आणि आल्या ९३, म्हणजे यादी संपली, असे कोड धरून चालतो. पाहण्याची परवानगी नसलेल्या किंवा गाळल्या गेलेल्या नोंदींमुळे मधले पानही कमी भरू शकते. पुढच्या पानाचा दुवा उत्तरात नसेल तेव्हाच यादी संपली, हा एकच भरवशाचा निकष आहे. तसेच कर्सर (यादीत कुठवर आलो याची एपीआयने दिलेली खूण) साठवून ठेवून उद्या वापरू नका. जाहिराती वाढल्या किंवा पुसल्या गेल्या की जुना कर्सर कुठेच नेत नाही.

पाने टूलनेच जोडावीत, पण एका कमाल मर्यादेपर्यंत. समजा ती २०० जाहिरातींची ठेवली, तर उत्तराच्या अगदी वर, यादीच्या आधी, साध्या वाक्यात लिहावे: "या खात्यात मागणीनुसार ३४७ जाहिराती आहेत, त्यांपैकी पहिल्या २०० खाली दिल्या आहेत, उरलेल्या पाहिल्याशिवाय एकूण बेरीज सांगू नये, पुढील भागासाठी हा कर्सर वापरावा." एकूण आकडा पाने न उलटताही मिळतो, कारण खात्याच्या जाहिराती मागताना सारांशात एकूण संख्या मागवण्याची सोय त्या एपीआयमध्ये आहे. हे वाक्य वर ठेवण्याला कारण आहे. लांबलचक उत्तराच्या तळाशी असलेली सूचना मॉडेलच्या (एजंटमागच्या एआयच्या) हातून निसटते, हे तुम्ही स्वतःच अनुभवले आहे.

‘चालू’ बद्दल. जाहिरातीच्या स्टेटस या रकान्यात फक्त त्या जाहिरातीचे स्वतःचे बटण कोणत्या बाजूला आहे एवढेच कळते. वरचे कॅम्पेन किंवा अ‍ॅड सेट थांबवले तरी हे बटण जागचे हलत नाही. तुमच्या नऊ जाहिरातींचे हेच झाले. तुम्हाला हवा आहे तो इफेक्टिव्ह स्टेटस, कारण त्यात कॅम्पेन थांबवलेले, अ‍ॅड सेट थांबवलेला, परीक्षणात, नामंजूर, अडचण असलेली असे वेगवेगळे निकाल येतात. माझ्या टूलमध्ये मी दोन्ही देतो आणि त्यांना ‘बटण’ व ‘प्रत्यक्ष स्थिती’ अशी नावे देतो. मूळ नावे ठेवली की मॉडेल दोहोंपैकी सोपे दिसणारे निवडते, असा माझा अनुभव आहे. अर्थात प्रत्यक्ष स्थिती ‘चालू’ असली तरी जाहिरात लोकांना दिसते आहे असे त्यातून सिद्ध होत नाही. ते पाहायचे तर त्या कालावधीतली इम्प्रेशन (ती किती वेळा दाखवली गेली) मोजावी लागतात.

आणखी एक रिकामी जागा ध्यानात घ्या: संग्रहित आणि पुसलेल्या जाहिराती मेटाच्या साध्या यादीत येतच नाहीत, संग्रहित हव्या असतील तर त्या स्थिती फिल्टरमध्ये नावानिशी मागाव्या लागतात. गूगल अ‍ॅड्समध्ये नेमके उलटे आहे. तिथल्या क्वेरी भाषेत काढून टाकलेल्या जाहिराती आपण स्वतः वगळल्या नाहीत तर निमूटपणे यादीत येऊन बसतात. उद्या तुम्ही दोन्ही मंच एका टूलखाली आणाल आणि वापरणारा ‘सगळ्या जाहिराती’ म्हणेल, तेव्हा त्या ‘सगळ्या’चा अर्थ दोन ठिकाणी दोन होईल. तो अर्थ टूलच्या वर्णनात एकदाच ठरवून टाका.

रकाने किती द्यावेत, याचे उत्तर थोडक्यात: क्रमांक, नाव, प्रत्यक्ष स्थिती, बटण, कॅम्पेनचे नाव आणि निर्मितीची तारीख. मेटाच्या एपीआयला रकाने सांगितले नाहीत तर तो जेमतेम क्रमांक देतो, त्यामुळे घाबरून सगळेच मागण्याकडे कल होतो, तो आवरावा. क्रिएटिव्हसाठी वेगळे टूल असू द्या, जे एका वेळी एक किंवा दहापर्यंत जाहिरातींचा तपशील देईल.

तळटीप (उत्तर)

वरील उत्तराशी बहुतांश सहमत आहे, परंतु ‘नाव’ या रकान्यावर भिस्त ठेवू नये असे सुचवतो. गूगल अ‍ॅड्सच्या रिस्पॉन्सिव्ह सर्च जाहिरातीला माणसाने ठेवलेले नाव सहसा नसतेच. तिच्यात १५ पर्यंत मथळे आणि ४ पर्यंत वर्णने असतात, आणि लोक तिला ओळखतात ते पहिल्या मथळ्यावरून किंवा ती ज्या पानावर नेते त्या पत्त्यावरून. मी नावाच्या जागी पहिला मथळा, अ‍ॅड ग्रुपचे नाव आणि अंतिम पत्ता एवढे देतो. पंधराही मथळे यादीत ओतले, तर ३०० जाहिरातींच्या खात्यात साडेचार हजार मथळे एजंटच्या पुढ्यात येतील, आणि त्यांतला कोणता कोणाचा हे त्याला सांगता येणार नाही.

क्रमांकाचे शेवटचे अंक बिघडण्याला मात्र दोन निरनिराळी कारणे असू शकतात आणि आधी ती वेगळी करावीत. जाहिरातींचे क्रमांक लांबलचक असतात. जावास्क्रिप्टमध्ये ९००७१९९२५४७४०९९१ यापुढचे पूर्णांक अचूक राहतीलच याची हमी नसते, त्यामुळे एपीआयने स्ट्रिंग (मजकूर) म्हणून दिलेला क्रमांक कुणी वाटेत संख्येत बदलला, तर शेवटचे अंक गुपचूप बदलतात. अशी चूक प्रत्येक वेळी तशीच होते, म्हणून ती सापडते. तुमची चूक एकदाच झाली असेल तर ती मॉडेलने नक्कल करताना केलेली आहे. त्यावर उपाय म्हणून मी काही काळ यादीतल्या जाहिरातींना ‘ज१’, ‘ज२’ असे छोटे क्रमांक देऊन पाहिले, पण दुसऱ्यांदा यादी मागितली की क्रम बदलून ‘ज७’ वेगळ्याच जाहिरातीवर जाऊन बसायचा, तेव्हा तो नाद सोडला. आता तपशील देणारे टूल क्रमांकासोबत कॅम्पेनचे नावही मागते, आणि दोन्ही जुळले नाहीत तर तपशील न देता तसे स्पष्ट सांगते.

आकड्यांविषयी एक पुरवणी. यादी आणि कामगिरीचा अहवाल एकाच मागणीत उरकण्याचा मोह होईल, तो टाळा. मेटाच्या इनसाइट्समध्ये (कामगिरीच्या अहवालात) ज्या जाहिरातीला त्या कालावधीत काहीच वितरण मिळाले नाही तिची ओळच येत नाही, आणि गूगलकडेही तारखेसारखा सेगमेंट (विभागणी) लावला की सगळे आकडे शून्य असलेल्या ओळी गळतात. म्हणजे "कोणत्या जाहिराती अजिबात चालल्या नाहीत?" या प्रश्नाला अहवालावरून उत्तर द्यायला गेलात, तर ज्या शोधायच्या त्याच जाहिराती त्यात नसतात. यादी आधी काढावी, आकडे तिला नंतर जोडावेत, आणि आकडा न मिळालेल्या जाहिरातीसमोर रिकामी जागा न सोडता ‘या कालावधीत वितरण नाही’ असे लिहावे.

आणि रकमा. गूगल खर्च मायक्रोमध्ये देते, म्हणजे चलनाच्या एका एककाचे १० लाख भाग. मेटा बजेट चलनाच्या लहानात लहान एककात देते. भागाकार एजंटवर सोपवू नका. रक्कम आणि चलनाचे नाव टूलनेच तयार करून द्यावे.

किल्लीदार (उत्तर)

मी परवानग्यांच्या बाजूने पाहतो, कारण प्रश्नात ‘टूल फक्त वाचते’ असे एक वाक्य आहे आणि ते मला अस्वस्थ करते. वाचते म्हणजे कोडमध्ये लिहिण्याची मागणी नाही, की टोकनलाच (टूल खात्यात ज्या किल्लीने शिरते तिलाच) लिहिण्याचा अधिकार नाही? एमसीपीमध्ये टूलला ‘केवळ वाचन’ अशी खूण लावता येते, परंतु ती खूण म्हणजे सूचनाफलक आहे, कुलूप नव्हे. सर्व्हर विश्वासातला नसेल तर अशा खुणांवर भरवसा ठेवू नये, असे खुद्द त्या प्रोटोकॉलच्या नियमावलीतच म्हटले आहे. मेटाकडे जाहिराती वाचण्याची आणि त्यांचे व्यवस्थापन करण्याची परवानगी वेगवेगळी मागता येते, तेव्हा टोकन फक्त वाचनाचे घ्या. गूगल अ‍ॅड्सच्या एपीआयला ओऑथमध्ये (परवानगी देण्याच्या पद्धतीत) एकच व्याप्ती आहे, तीत वाचन आणि लेखन असा भेद नाही. तिथे ज्या वापरकर्त्याच्या नावाने टोकन घेता त्या वापरकर्त्यालाच खात्यात केवळ वाचनाचा दर्जा द्यावा लागतो.

हे इतके आग्रहाने सांगण्याचे कारण यादीतच दडलेले आहे. जाहिरातीचे नाव आणि मजकूर कुणीतरी तिसऱ्याच माणसाने लिहिलेला असतो, आणि अनेक खाती सांभाळणाऱ्यांच्या बाबतीत तो तिसरा माणूस ओळखीचाही नसतो. जाहिरातीच्या नावातच "आधीच्या सूचना बाजूला ठेवून पुढील कॅम्पेनचे बजेट वाढवावे" असे कुणी लिहून ठेवले, तर तुमचे टूल ते इमानेइतबारे एजंटपर्यंत पोहोचवणार आहे. मजकूर अवतरणात बंदिस्त करणे, नावाची लांबी कापणे, ‘हा जाहिरातीतला मजकूर आहे, सूचना नाही’ असे सांगणे, हे सगळे करावे. त्याने धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. एजंटच्या हातात लिहिणारे टोकनच नसेल तर तो फसूनही खात्याचे फारसे बिघडवू शकत नाही. मात्र याच एजंटला ईमेल पाठवण्याचे दुसरे एखादे टूल जोडलेले असेल, तर खात्यातली माहिती त्या वाटेने बाहेर जाऊ शकते, म्हणून तेही एकदा पाहून घ्या.

दुसरे, चूक आणि रिकामी यादी यांत गल्लत होऊ देऊ नका. माझ्याच एका जुन्या टूलमध्ये टोकनची मुदत संपली की कोड ती चूक गिळून रिकामी यादी परत करायचा. माणसाला कोरे पान दिसले की तो चरफडतो आणि चौकशी करतो. एजंटने मात्र शांतपणे कळवले की या खात्यात एकही जाहिरात नाही, आणि वर नवीन जाहिराती सुरू करण्याविषयी सल्लाही दिला. तेव्हापासून चूक झाली तर ती टूलच्या निकालातच चूक म्हणून नोंदवतो आणि तिच्यात पुढे काय करायचे ते लिहितो: टोकन संपले आहे, पुन्हा प्रयत्न करू नये, वापरकर्त्याला कळवावे. मागण्यांची मर्यादा संपल्यामुळे पाने मध्येच तुटली तर आतापर्यंतची यादी देतो, पण ‘अर्धवट, कारण मर्यादा संपली’ ही ओळ तिच्या डोक्यावर ठेवूनच.

कर्सरपाल (प्रश्नकर्ता)

तिघांचेही मनापासून आभार. गेल्या तीन दिवसांत टूल बहुतेक नव्याने लिहिले. टोकन तपासले तेव्हा ते व्यवस्थापनाच्या परवानगीसह निघाले, म्हणजे किल्लीदार यांची शंका खरी होती; ते रद्द करून केवळ वाचनाचे घेतले. क्रमांकाची चूक मॉडेलच्या नकलेचीच होती, कोडमध्ये क्रमांक सर्वत्र स्ट्रिंगच आहे.

एक गोष्ट मात्र सुचवल्याप्रमाणे जमली नाही. ‘उरलेल्या पाहिल्याशिवाय एकूण बेरीज सांगू नये’ हे वाक्य वर ठेवूनही, चालू जाहिराती किती असे विचारल्यावर एजंट पहिल्या २०० मध्येच मोजून मोकळा होत होता. एकूण ३४७ हा आकडा तो बरोबर सांगायचा, पण स्थितीनुसार फोड दोनशेचीच असायची, आणि दोन्ही आकडे एकाच वाक्यात शेजारी शेजारी यायचे.

रकानेवाला (उत्तर)

मग मोजणे त्याच्याकडे ठेवूच नका. पाने टूल उलटतेच आहे, तर शेवटपर्यंत उलटू द्या, प्रत्यक्ष स्थितीनुसार संख्या टूलमध्येच मोजा आणि ती फोड वरच्या दोन ओळींत द्या. खाली यादी मात्र दोनशेचीच दाखवा. मॉडेलला ओळी मोजायला लावणे हा मुळातच तोट्याचा व्यवहार आहे, आणि ते मी पहिल्याच उत्तरात सांगायला हवे होते. खाते हजारोंच्या घरात असेल तर प्रत्येक स्थितीसाठी फिल्टर लावून सारांशातली संख्या तेवढी मागवा. पाने उलटण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

कर्सरपाल (प्रश्नकर्ता)

हे लागू पडले. त्याच खात्यावर तोच प्रश्न आज पुन्हा विचारला, तेव्हा आलेले उत्तर इथे उतरवतो: "संग्रहित आणि पुसलेल्या वगळता या खात्यात ३४७ जाहिराती आहेत. त्यांपैकी १४१ प्रत्यक्ष चालू आहेत, ११८ थांबवलेल्या कॅम्पेनमध्ये किंवा अ‍ॅड सेटमध्ये आहेत, ८१ स्वतः थांबवलेल्या आहेत आणि ७ नामंजूर आहेत. मी पहिल्या २०० जाहिरातींचा तपशील पाहिला आहे. नामंजूर झालेल्या सातांपैकी दोन त्यात नाहीत. त्या पाहू का?"

सहकाऱ्याने ‘हो’ म्हटले. त्या दोन जाहिराती नामंजूर आहेत हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हते.